बाबांची कवळी: सरकारी डेंटल कॉलेज की डोंबिवलीतलाच प्रायव्हेट डॉक्टर?

सुरंगी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

बाबा ७४ वर्षांचे. गिरगावात एका छापखान्यात कंपोझिटर (खिळे जुळवणारे) होते, आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात डोंबिवलीला. शुगर आहे पण गोळ्यांवर आटोक्यात. वरचे दात सगळे गेलेत, एक दाढ लटकत होती तीसुद्धा गणपतीत मोदक खाताना हातात आली (गिळली नाही हेच नशीब). खाली पुढचे सहा उरलेत, त्यातले मधले चार हलतात, दोन्ही सुळे मात्र बऱ्यापैकी घट्ट आहेत. गेले सहा महिने नुसतं वरण-भात, दुधात कुस्करलेली पोळी, पेज. मूळचे मालवणकडचे त्यामुळे माशाचा मऊ तुकडा हिरडीनं दाबून खातात पण तिखट लागलं की हिरडी चुरचुरते म्हणून तेही कमी केलंय. कुठं लग्नाला गेलो की "मला भूक नाही, तुम्ही बसा" म्हणून बाहेर खुर्ची टाकून बसतात. ते बघवत नाही.

इथं जवळच्या डेंटिस्टकडे नेलं. त्यांनी तीन पर्याय दिले. सगळे दात काढून वर-खाली साधी कवळी २८,०००. ‘बीपीएस’ नावाची जरा वरच्या दर्जाची ४५,०००. आणि तिसरा म्हणजे खाली दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) बसवून त्यावर टिचबटणासारखी अडकणारी कवळी, वरची धरून सगळे मिळून १ लाख ३० हजार. दादा पुण्याला असतो, तो म्हणतो इम्प्लांटच कर, अर्धे मी देतो. बाबा म्हणतात माझ्या तोंडात एवढे पैसे घालू नका, किती वर्षं चावणार आहे मी. मी मधल्यामध्ये.

शेजारच्या काकू म्हणाल्या सीएसएमटीजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे तिथं अगदी कमी पैशात होतं. पण तिथं शिकाऊ मुलं करतात ना? किती खेपा पडतात? मी ऐरोलीला नोकरीला, रजा मोजक्याच, मिस्टर शिफ्टवर. आणि सरकारी योजनेत कवळी बसते का कुठल्या? कुणी स्वतः करून घेतली असेल तर प्लीज सांगा.

ठाकुर्लीचा_पेन्शनर

ताई, मी ६९ चा, स्वतःच्या तोंडाचा अनुभव सांगतो. मी सरकारीच केली, मुंबईतच, कुठल्या कॉलेजात ते लिहीत नाही कारण पुढं थोडी तक्रारही आहे आणि एवढं करून दिल्यावर नाव घेऊन बोलणं बरं नाही.

पहिल्या दिवशी केस पेपर, एक्स-रे, शुगर-बीपी बघितलं आणि दुसऱ्या खेपेला उरलेले तीन दात काढले. मग म्हणाले हिरडी भरू द्या, अडीच महिन्यांनी या. मला वाटलं टोलवतायत, पण तसं नसतं, ताज्या जखमेवर माप घेतलं तर हिरडी नंतर बसते आणि कवळी ढिली होते. अडीच महिन्यांनी गेलो ते परभणीकडची एक मुलगी मिळाली, शेवटच्या वर्षाची. तिनं काय मेहनत घेतली म्हणून सांगू. पहिलं माप पांढऱ्या लगद्याचं. त्यावरनं माझ्या जबड्यापुरता खास ट्रे बनवला. मग हिरव्या मेणाची एक काडी असते ती दिव्यावर मऊ करून ट्रेच्या कडेकडेनं लावायची, तोंडात घालायची, गाल ओढायचे, ओठ ओढायचे, जीभ बाहेर काढा, आत घ्या, असं तास दीड तास. मग लवंगेच्या वासाच्या पेस्टनं दुसरं माप. पुढच्या खेपेला मेणाचे ठोकळे घालून वरचा-खालचा जबडा किती अंतरावर मिटतो ते बघतात. तिथं त्यांचे सर आले, माझ्याकडं एक मिनिट नुसतं बघितलं, थुंकी गिळायला लावली आणि तिला म्हणाले हनुवटी ओढल्यासारखी दिसतीय, परत कर. बिचारीचा चेहरा पडला. पण परत केलं. आज वाटतं ते परत केलं म्हणूनच मी शेंगदाणे खातोय.

मेणावर दात लावून ट्रायल झाली, मग फायनल मिळाली, मग टोचतंय म्हणून तीन वेळा घासून घेतली. दात काढायचं धरून दहाएक खेपा. पैसे सगळे मिळून हजाराच्या आतच, तीन वर्षांपूर्वी.

आता तक्रार. ट्रायल आणि फायनलच्या मध्ये तिची परीक्षा लागली आणि मग सुट्टी. माझं मेणातलं तोंड कुठल्या कपाटात आहे ते कुणाला माहीत नाही. दोनदा जाऊन हात हलवत परत आलो, एकदा तर खिडकीवर "तुमची मॅडम कोण, नाव सांगा" एवढंच. सव्वा महिना गेला त्यात. म्हणून पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याचा मोबाइल नंबर घ्या आणि परीक्षा कधी आहे ते सरळ विचारून टाका, लाजू नका.

डबीतली_कवळी

आता प्रायव्हेटची बाजू ऐका. आईची कवळी ठाण्याला केली, ४८ हजार, एसी क्लिनिक, कॉफी मशीन, भिंतीवर टीव्हीत दात गोल गोल फिरतायत. तीन भेटीत हातात कवळी. आम्ही खूश, काय फास्ट काम आहे! वरची ठीक होती पण खालची एक दिवस धड बसली नाही, बोलताना उचलायची, हसली की टक् आवाज. परत गेलो तर "सवय होईल आजी". परत गेलो तर रिसेप्शनवर चिकटवायची पावडर विकत दिली. तिसऱ्यांदा अॅडजस्टमेंट चार्ज सांगितला, मग आईच म्हणाली राहू दे. दोन वर्षं झाली, कवळी डबीत आणि आई खिचडीवर. डबी मात्र भारी आहे.

प्रायव्हेट वाईट म्हणत नाहीये, आमचंच नशीब असेल. पण पैसे जास्त म्हणजे काम चांगलं हे डोक्यातनं काढून टाका.

सुळे_वाचवा

मी डेंटिस्ट आहे, कल्याणच्या पट्ट्यात माझी स्वतःची प्रॅक्टिस आहे, म्हणजे माझा स्वार्थ लक्षात घेऊनच वाचा. शिकलो सरकारी कॉलेजात, त्यामुळे दोन्हीकडचं माहितीय.

आधी वर @डबीतली_कवळी यांच्या आईबद्दल. खालची कवळी न बसणं ही जगातली सगळ्यात जुनी तक्रार आहे आणि दर वेळी डॉक्टरचीच चूक असते असं नाही. वरची कवळी अख्ख्या टाळूवर पसरते, मध्ये लाळेचा पातळ थर असतो, त्यानं ती चिकटून राहते. खाली मधोमध जीभ, तीही सतत हलणारी, आणि कवळीला धरायला घोड्याच्या नालेसारखी अरुंद पट्टी. त्यात दात गेले की हाड झिजायला लागतं आणि खालचं हाड वरच्याच्या साधारण चौपट झिजतं, १९७२ साली पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्याचा एक अभ्यास आला होता, तो आजही आम्हाला शिकवतात. दहा-पंधरा वर्षं बिनदाताचं राहिलेल्या माणसाच्या खालच्या जबड्यावर कधीकधी धरायला काही उरलेलंच नसतं. तिथं कुणीही करो, कवळी नाचणार.

म्हणून तुमच्या दादाचं म्हणणं अगदीच श्रीमंती थाट नाहीये. २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ बसले होते, त्यांनी खालच्या बिनदाती जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं. पण सुरंगीताई, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीये. सुळे घट्ट आहेत. मग ते काढायचे कशाला? एक्स-रेत मुळाभोवतीचं हाड बरं दिसलं तर दोन्ही सुळ्यांचं रूट कॅनाल करून ते हिरडीच्या किंचित वर घुमटासारखे कापायचे आणि त्यावर कवळी बसवायची. ओव्हरडेंचर म्हणतात. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब असतं, ते जागेवर राहिलं की आजूबाजूचं हाड टिकतं, कवळीला खुंटीसारखा आधार मिळतो, आणि चावताना किती जोर देतोय ते माणसाला कळतं, जे पूर्ण बिनदाती माणसाला नीट कळत नाही. देवानं दिलेले दोन इम्प्लांट समजा, फुकटचे. अट एकच, ते घुमट रोज घासायचे, नाहीतर कवळीखाली किडतात आणि मग सगळंच मुसळ केरात.

हे मला शंभर टक्के इथून सांगता येणार नाही, एक्स-रे बघितल्याशिवाय कुणीच सांगू नये. पण विचारा नक्की. "सगळे काढून टाकू" हे आमच्यासाठी सोपं पडतं हेही खरंय.

आता शिकाऊ मुलांबद्दल. बीडीएसच्या (दातांच्या डॉक्टरकीच्या पदवीच्या) मुलांना ठरावीक संख्येनं पूर्ण कवळ्या स्वतः कराव्या लागतात, त्याशिवाय सह्या मिळत नाहीत. त्यामुळे कवळीचा पेशंट म्हणजे आमच्यासाठी व्हीआयपी. आम्ही वॉचमनचे सासरे, कँटीनवाल्या काकांची आई, कुणाकुणाला पकडून आणायचो, चहा पाजायचो, बसचं भाडं द्यायचो. प्रत्येक टप्प्यावर शिक्षक बघून सही करतात, नाही आवडलं तर परत करायला लावतात. प्रायव्हेटमध्ये माझं माप कोण तपासतं? कुणी नाही. मी, आणि नंतर लॅबवाला. अवघड केस असेल तर कॉलेजात एमडीएसची (पदवीनंतर पुढं शिकणारी) मुलं घेतात, ती आणखी पक्की असतात.

मग प्रायव्हेटचे पैसे कशाचे? वेळेचे. खुर्चीवर मी जो दीड तास घालवतो त्याचं भाडं, असिस्टंट, लॅबचं बिल, चांगल्या प्रतीच्या दातांचा सेट. आणि तुमच्या सोयीच्या वेळेचे, संध्याकाळी सात वाजता या म्हणतो ना मी. तेवढं जो देत नाही त्याला पैसे देऊ नका. विचारा की किती भेटी लागतील (पाचाच्या खाली सांगितलं तर मी तरी सावध होईन), मेणावरची ट्रायल दाखवणार का, आणि दिल्यानंतरच्या अॅडजस्टमेंट त्यातच धरल्यात का. या तिन्हीची नीट उत्तरं मिळाली तर २८ हजारवाली साधी कवळीसुद्धा उत्तम असू शकते. बीपीएस ही एक पद्धत आहे, माप घेण्याची आणि कवळी शिजवण्याची, जादू नाही.

आणि हो, बाबा रक्त पातळ व्हायची गोळी घेत असतील तर दात काढण्याआधी सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका.

सुरंगी_डोंबिवली

डॉक्टर, खूप खूप धन्यवाद. सुळ्यांचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. गोळी नाही घेत रक्ताची. @पेन्शनर काका, शेंगदाणे वाचून बाबा म्हणाले "विचार त्यांना, फुटाणे पण का?"

ठाकुर्लीचा_पेन्शनर

फुटाणे नाही हो. एका बाजूनं चावलं की दुसरी बाजू उचलते. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं घेऊन चावायचं हे शिकायला मला दोन महिने लागले. पण भाकरी होते, मटण होतं. बायको म्हणते आता बोलणं पण वाढलंय.

वऱ्हाडी_ठेचा

योजनांचं सांगतो, माझ्या काकाच्या वेळी मीच नागपुरात सगळीकडे फिरलो होतो. नागपूरला पण सरकारी डेंटल कॉलेज आहे, मेडिकलच्या भागात, आमच्याकडं अमरावती-यवतमाळपासून लोक येतात. संभाजीनगरला आहे, मुंबईत सीएसएमटीचं आणि पालिकेचं नायर डेंटल. बाकी महाराष्ट्र मात्र जवळपास प्रायव्हेट कॉलेजांवरच आहे. सिव्हिल हॉस्पिटलात दातांचा डॉक्टर असतो पण आमच्या जिल्ह्यात तरी दात काढून दिले आणि कवळीसाठी कॉलेजची चिठ्ठी दिली.

महात्मा फुले योजना आणि आयुष्मान कार्ड घेऊन कवळी मागायला जाऊ नका, उगाच चक्कर. ती भरती होऊन करायच्या उपचारांसाठी आहेत, जबडा तुटला, गाठ झाली तर उपयोगी, कवळी-रूट कॅनाल नाही. मेडिक्लेमचंही बहुतेक तेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून सगळं फुकट झालं, पण ते पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), ग्रामीण रुग्णालय, सिव्हिल यांना. डेंटल कॉलेजं वैद्यकीय शिक्षण खात्याची, तिथं फी लागते, फक्त ती प्रायव्हेटसमोर काहीच नाही.

आता लोकांना माहीत नसतं ते. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे २०१७ ची, बीपीएल किंवा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना साधनं देते, काठी, चष्मा, कानाचं मशीन, आणि त्या यादीत चक्क कवळी आहे. पण ती शिबिरं लागतात तेव्हा, तुमच्या भागात कधी लागेल ते बघत बसावं लागते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री वेगळी, त्यात ६५ वर्षांवरच्यांना, घरचं उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. त्यात इम्प्लांटचा स्क्रूसुद्धा येणार नाही, सरकारी कॉलेजच्या कवळीला रक्कम पुरते, पण कवळीसाठी चालते का ते अर्जाआधी विचारून घ्या. बाबा केंद्र सरकारचे किंवा फौजेतले पेन्शनर असते तर सीजीएचएस-ईसीएचएसचं सांगितलं असतं, छापखान्याला काय बाप्पा.

रंकाळा_कट्टा

एक सांगायचं राहिलं सगळ्यांचं. सरकारी लांब आणि प्रायव्हेट महाग म्हणून मधला रस्ता काढू नका. आमच्या मामांनी बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या एका दातवाल्याकडनं ८०० रुपयात "फिक्स दात" बसवून घेतले, अर्ध्या तासात. त्यानं काय केलं, शेजारच्या चांगल्या दातांना तार गुंडाळून त्यावर तो कोल्ड प्लास्टिकचा लगदा थापला आणि हिरडीला चिकटवून टाकला. काढता येईना, घासता येईना. पाच महिन्यांत तोंडाला असा वास की मामी दुसऱ्या खोलीत झोपायला लागल्या. डॉक्टरनं मशीननं कापून काढलं तेव्हा त्याच्याबरोबर शेजारचे तीन चांगले दातपण आले. काढता येत नाही अशी कवळी कुणी स्वस्तात देत असेल तर उठून चालायला लागा.

पामबीच_रोड

आणखी एक पर्याय राहून गेला, तुम्ही ऐरोलीला नोकरीला आहात म्हणून सुचलं. नवी मुंबईत नेरूळ, खारघर, कामोठे इथं प्रायव्हेट डेंटल कॉलेजं आहेत. तिथंही विद्यार्थीच करतात, तिथंही शिक्षक तपासतात, पैसे सरकारीपेक्षा जास्त पण क्लिनिकपेक्षा बरेच कमी, आणि गर्दी कमी. आम्ही सासूबाईंची तिथं केली, ५,५०० झाले. ठाण्याला बदलून ट्रान्स हार्बरनं नेरूळ, उतरून रिक्षा. विद्यार्थिनी स्वतः फोन करून बोलवायची, सासूबाईंना इतकं लाडानं "आजी आजी" करायची की आम्हाला जरा टेन्शनच आलं, घरी अपेक्षा वाढतात.

कसारा_फास्ट

ट्रेनचं सांगतो फक्त, दातांचं मला कळत नाही. सकाळी कर्जत-कसाऱ्याहून भरून येणाऱ्या फास्टला काकांना घेऊन चढू नका, डोंबिवलीत दाराला हात लागला तरी पुरे. डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो पकडा, वेळ जातो पण बसायला मिळतं. आणि सीएसएमटीला उतरलात की सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातच आहे कॉलेज, चालत जाता येतं. नायर डेंटल बॉम्बे सेंट्रलला, म्हणजे दादरला पूल चढून वेस्टर्नला बदला. गुडघे दुखत असतील तर हाच हिशोब मोठा आहे बघा.

लेस्टरकर

इंग्लंडहून लिहितोय, तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध नाही पण गंमत म्हणून. इथं एनएचएसवर (सरकारी आरोग्यसेवेत) कवळी ‘बँड ३’ म्हणजे फीच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात येते, एप्रिल २०२५ मध्ये ती ३२६.७० पौंड झाली होती. पण एनएचएसचे नवीन पेशंट घेणारा डेंटिस्ट सापडणं हीच खरी लढाई आहे, म्हणून आमच्यातले बरेच जण सुट्टीत पुण्या-मुंबईला जाऊन दात करतात. माझ्या सासऱ्यांनी तसंच केलं, तीन आठवड्यांच्या मुक्कामात कवळी उरकली, विमानात बसले आणि चौथ्या दिवशी टोचायला लागली. आता घासून द्यायला कोण? इथला कुणी दुसऱ्याची कवळी हातात घ्यायला तयार होईना. शेवटी पुढच्या दिवाळीपर्यंत खिशात. कुठंही करा, पण परत परत जाता येईल अशा ठिकाणी करा.

सुळे_वाचवा

लेस्टरकरांना अनुमोदन. कवळी दिली त्या दिवशी आमचं अर्धं काम झालेलं असतं. पहिल्या महिन्यात टोचणारच, आणि पेशंट घरी बसून राहिला तर पुढं कवळी डबीतच जाते.

सुरंगी_डोंबिवली

अपडेट १. आज सरकारीला जाऊन आलो. सकाळी साडेआठला रांगेत, बाराला मोकळे. आवार जुनं, खुर्च्या जुन्या, पंखे वर छताला, पण कुणी वसकन अंगावर आलं नाही. एक्स-रे काढला. मी मोठ्या ऐटीत "सुळे ठेवून ओव्हरडेंचर होईल का" विचारलं तर डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं, "तुम्ही डेंटल फील्डमध्ये?" म्हटलं नाही, नेटवर वाचलं. हसले. म्हणाले हाड चांगलं आहे, होईल, पण रूट कॅनालचा विभाग वेगळा, तिथं वेगळा नंबर, म्हणजे आणखी खेपा. बाबा लगेच हो म्हणाले. मी त्यांच्याकडं बघतच राहिले कारण घरनं निघताना कुरकुर चालली होती.

संमतीपत्र दिलं मराठीतलं. बाबांनी चष्मा लावला, पूर्ण वाचलं, तीन शुद्धलेखनाच्या चुका पेनानं दुरुस्त केल्या आणि मग सही केली. इंटर्न मुलगा म्हणाला "काका, मी पण मराठी मीडियमचा आहे, सॉरी."

दादा चिडलाय फोनवर. "पैसे देतोय तरी सरकारीत कशाला फिरवतेस म्हाताऱ्याला." म्हटलं ये आणि तूच ने एकदा.

डबीतली_कवळी

दादा लोक फोनवरच चिडतात. ऑल द बेस्ट.

सुरंगी_डोंबिवली

अपडेट २, चार महिन्यांनी. कुणी वाचत असेल तर.

कवळी मिळाली! परवा. एकूण बारा खेपा. चार दात काढले, सुळ्यांच्या रूट कॅनालला तीन वेळा जावं लागलं, मग दिवाळीच्या सुट्टीत सगळं ठप्प, मग मापं. आमची विद्यार्थिनी लातूरची. तिचा नंबर पहिल्याच दिवशी घेतला होता (पेन्शनर काका, तुमचे उपकार), परीक्षेच्या आधी पूर्ण कर अशी तिलाच जास्त घाई होती.

मेणाच्या ट्रायलला तिनं सांगितलं साठ ते सत्तर मोजा, स-श नीट येतात का ते बघायचं असतं. बाबा "सहासष्ट, सदुसष्ट" म्हणाले आणि शिट्टी वाजली. "अडुसष्ट" ला परत वाजली. तिनं दात काढून पुन्हा मेण तापवलं, सरकवले, परत मोजा. चार वेळा. शेवटी बाबाच म्हणाले, "बाळा, टाइप जुळवताना एक खिळा अर्धा पॉइंट वर राहिला तरी अख्खी ओळ दिसते तशी, तू घे तुझा वेळ." मी त्यांना इतकं सविस्तर बोलताना आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

माझ्या रजा चार गेल्या. मिस्टरांनी दोनदा नेलं, दादा एकदा आला पुण्याहून (आला! रांगेत उभा राहिला, वडापाव खाल्ला, आता इम्प्लांटचं नाव काढत नाही). बाकीच्या खेपांना बाबा एकटे गेले. मला धाकधूक, पण पाचव्या-सहाव्या खेपेपासून परत यायला उशीर व्हायला लागला, दोनला सुटले तरी घरी सहाला. फोन केला की "ट्रेन लेट". नंतर कळलं, कॉलेजातनं निघाले की बस पकडून गिरगावात, त्यांच्या छापखान्यातले एक मित्र अजून तिथंच राहतात, त्यांच्याकडं चहा. दोन गल्ल्या सोडून असलेल्या क्लिनिकात केलं असतं तर हे झालं नसतं एवढं खरं, आता दात झाले तर जायला कारण काय सांगू असं मलाच विचारत होते.

पैशांचं कुणी विचारेल म्हणून, रूट कॅनाल, दात काढणं, एक्स-रे, कवळी सगळं धरून २ हजारांच्या जरासं आत. ट्रेन-रिक्षा-चहा वेगळे.

आता सध्याची स्थिती. वरची मस्त बसलीये. खालची सुळ्यांवर टेकते त्यामुळे हलत नाही पण उजवीकडं आत टोचतीये, छोटा फोड आलाय. तिनं सांगितलंय की येण्याआधी आदल्या दिवशी घालून ठेवा म्हणजे कुठं लागतंय ते लाल दिसतं, स्वतः कानस-पॉलिशपेपर काही लावू नका (बाबांनी कानस शोधून ठेवली होती, मी लपवली). रात्री काढून साध्या पाण्यात, गरम पाणी नाही, टूथपेस्ट नाही, साधा साबण आणि मऊ ब्रश. सुळ्यांचे घुमट घासायला वेगळा छोटा ब्रश आणलाय.

काल घावणे केले, दोन खाल्ले, चटणीबरोबर. कुर्ल्या आणू का रविवारी असं विचारलं तर आरशात बघून जबडा इकडंतिकडं करत म्हणाले, "थांब जरा, आधी मंगळवार होऊ दे. तिला दाखवून येतो."

ठाकुर्लीचा_पेन्शनर

मंगळवारी मी पण जातोय, कवळी रिलाइन करायला (आतून नवं अस्तर घालायला), तीन वर्षांत जरा ढिली झालीये. सकाळची डोंबिवली स्लो ना? मागून दुसऱ्या डब्यात असतो मी. बाबांना सांगा.